रिंगांमधलं अंतर

बांधकाम पाहायला आलेला घरमालक कॉलमच्या उभ्या सळया मोजतो. किती एमएमच्या आहेत, कुठल्या कंपनीच्या आहेत, हेही विचारतो. त्या सळयांभोवती बांधलेल्या आठ एमएमच्या रिंगांकडे सहसा त्याचं लक्ष जात नाही. भूकंपात तो कॉलम तगणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्या रिंगांमधल्या अंतरावर ठरतं.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून ताण येईल तिथे पोलाद घालायचं. पण कॉलमवर मुख्यतः दाबच येतो, मग तिथे रिंग कशाला? भार वाढला की आतलं काँक्रीट चहूबाजूंनी फुगू पाहतं आणि उभ्या सळया बाहेरच्या अंगाला वाकू पाहतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशी रिंग या दोघांना धरून ठेवते. जवळजवळ वेढे दिलेलं काँक्रीट कितीतरी जास्त भार पेलतं, हे फ्रेंच अभियंते आर्मां काँसिदेर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांनी दाखवून दिलं होतं.

जवळ म्हणजे किती, याचं उत्तर आपल्या मानकांत आहे. ३०० बाय ४५० मिमीचा, १६ एमएमच्या सळयांचा कॉलम घेऊ. आयएस ४५६ प्रमाणे रिंगांचं अंतर तीन मापांपैकी सर्वांत लहान मापाच्या आत हवं: कॉलमची लहान बाजू, सळईच्या व्यासाची सोळापट आणि ३०० मिमी. म्हणजे इथे २५६ मिमी. भूकंपाचा विचार करणारं आयएस १३९२० याहून कडक आहे. बीमच्या सांध्यालगत, कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, लहान बाजूचा चौथा हिस्सा, व्यासाची सहापट आणि १०० मिमी यांतलं सर्वांत लहान माप धरायचं. ते येतं ७५ मिमी, म्हणजे तीन इंच. मधल्या उंचीत १५० मिमी चालतं. कॉलम तुटतो तो बहुधा टोकांशी, म्हणून तिथे रिंगा दाट.

हीच रिंग तयार होताना पाहावी. चारी बाजूंना ४० मिमी कव्हर सोडलं की तिचं माप उरतं २२० बाय ३७०. फळीवरच्या खुंट्यांत सळई अडकवून फिटर पान्याने तीन काटकोन काढतो आणि शेवटी दोन टोकांचे हूक वळवतो. खरी गोम या हुकांत आहे. ते १३५ अंशांत आत वळलेले हवेत आणि वळणापुढे सळईच्या व्यासाच्या सहापट लांबी हवी, किमान ६५ मिमी. हूक काटकोनातच सोडला तर रिंग चढवायला सोपी जाते, पण हादऱ्यात बाहेरचं कव्हर निखळलं की ती उघडते. आत वळलेलं टोक मात्र गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतं. शिवाय ३७० ची बाजू ३०० पेक्षा लांब असल्याने मध्ये एक आडवी लिंकही लागते. आता वजन पाहा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हा साइटवरचा हिशेब लावला, तर ही रिंग भरते जेमतेम अर्धा किलो.

या अर्ध्या किलोचं मोल ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियात दिसलं. सॅन फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू या नव्याकोऱ्या रुग्णालयात विरळ रिंगांचे कॉलम चुरा झाले. त्याच इमारतीतले दाट सर्पिल वेढ्यांचे कॉलम कलले, त्यांचं कव्हर झडलं, तरी भार धरून उभे राहिले. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग असलेल्या कित्येक इमारती बसल्या. त्यांच्या कॉलममध्ये लांब लांब बांधलेल्या, काटकोनी हुकांच्या रिंगा आढळल्या. आयएस १३९२० तेव्हाही होतं. ते १९९३ चं आहे.

बीममध्ये अडचण उलटी असते. तिथे सळया फार जवळ येतात. दोन सळयांमध्ये निदान एका सळईच्या व्यासाइतकी, किंवा खडीच्या मापापेक्षा ५ मिमी जास्त, यांतली मोठी फट हवी. २० मिमीच्या खडीला ती होते २५. नऊ इंची, म्हणजे २३० मिमीच्या बीममध्ये कव्हर आणि रिंग वजा जाता १६४ मिमी उरतात. २० एमएमच्या चार सळया बसवल्या तर २८ मिमीची फट राहते. पाच कोंबल्या तर फक्त १६. त्यातून खडी खाली उतरतच नाही, वरून नुसता माल भरलेला दिसतो आणि तळाशी पोकळी राहते. अशा वेळी पाचवी सळई वरच्या थरात, २५ एमएमचा तुकडा आडवा ठेवून बांधावी.

भिंतीत सळयांमधल्या अंतराची कमाल मर्यादा भिंतीच्या जाडीच्या तिप्पट किंवा ४५० मिमी, यांतली लहान. पाण्याच्या टाकीला एवढी मोकळीक नाही. तिथे भेग ०.२ मिमीच्या आत राखायची असते आणि त्यासाठी तेवढंच पोलाद बारीक सळयांत, जवळजवळ वाटून देणं फायद्याचं ठरतं. थोड्या जाड सळया दूर दूर घातल्या तर वजन तेच भरेल, पण मधल्या जागेत भेग रुंदावेल आणि पाणी सळईपर्यंत पोचेल.

हे सगळं काम नंतर तपासणं फार अवघड. काँक्रीट ओतलं की चूक आत गाडली जाते. म्हणून घर बांधणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगणं आहे: शटरिंग लागण्याआधी टेप घेऊन साइटवर जा. कॉलमच्या दोन्ही टोकांच्या रिंगांचं अंतर ड्रॉइंगशी ताडून पाहा, हूक आत वळलेत का बघा, कव्हर ब्लॉक लागलेत याची खात्री करा, फोटो काढून ठेवा. काही कमी असेल तर इंजिनिअरला बोलावून तिथेच दुरुस्त करून घ्या. त्या दिवशी फार तर थोड्या रिंगा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाढेल.