झिका : दोष मातेचा नव्हे

बाळ व्यंग घेऊन जन्मले की ‘आईने ग्रहण पाळले नाही’ असे आजही बोलले जाते. दुःखाला कारण असते व ते शोधता येते, ही तथागतांची शिकवण मानणारे आम्ही हे बोलणे नाकारतो.

२०१५ साली ब्राझीलच्या ईशान्य भागात असामान्यपणे लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्मली. शास्त्रज्ञांनी कारण शोधले : झिका विषाणू. दिवसा चावणारा एडिस डास तो पसरवतो. लैंगिक संबंधातूनही तो संक्रमित होतो. वारेतून गर्भापर्यंत पोहोचून तो वाढत्या मेंदूच्या पेशी नष्ट करतो. त्यामुळे डोके लहान राहते, दृष्टी वा श्रवण अधू होते, सांधे आखडतात. प्रत्येक बाधित मातेच्या बाळाला असे होतेच असे नाही. मातेला मात्र बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही.

२०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला. २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींनाही लागण झाली. यावर लस अद्याप नाही. म्हणून घरातील पाण्याची भांडी दर आठवड्याला घासून कोरडी करावीत, गर्भवतीने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे आणि ताप वा पुरळ येताच तपासणी करून घ्यावी. एवढे करूनही बाळ व्यंग घेऊन जन्मले, तर त्या मातेला दोष नव्हे, आधार द्यावा.