ट्यूब गेली म्हणण्याआधी

पेण-रामवाडीच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालतो, त्यांना पावसाळ्यातली एक तक्रार चांगली ठाऊक असेल. सकाळी टीव्ही लावला की आवाज ठीक, रंगही ठीक, पण चित्र धूसर. बातम्यांची खालची पट्टी वाचता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं गेली की कोणी हात न लावता चित्र स्वच्छ होतं. दोन-तीन आठवड्यांत ही दहा मिनिटं अर्ध्या तासावर जातात आणि मग घरात निकाल लागतो, ‘ट्यूब गेली, भंगारात द्या.’

बहुतेक वेळा ट्यूब गेलेली नसते. खराब झालेला असतो तो तिच्या मानेवर मागून बसवलेला प्लॅस्टिकचा छोटा सॉकेट. दुरुस्तीवाले त्याला ‘ट्यूब बेस’ म्हणतात.

ट्यूबच्या निमुळत्या मानेत एक तंतू तापतो आणि त्याच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात. एकवीस इंची रंगीत टीव्हीत सुमारे 25 हजार व्होल्टचा दाब त्यांना पडद्याकडे ओढून नेतो. वाटेत हा झोत बारीक ठिपक्यात गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी काही हजार व्होल्टचा वेगळा दाब लागतो. तो फोकसचा दाब. तो ट्यूबमध्ये शिरतो या बेसमधूनच. बेसच्या आत धातूच्या दोन टोकांमध्ये मुद्दाम एक फट ठेवलेली असते. दाब अचानक वाढला तर ठिणगी तिथेच उडावी आणि बाकीचं सर्किट वाचावं यासाठी. कोकणातली हवा नेमकी या फटीत घुसते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारेपाट, शिवाय रामवाडीला मुंबई-गोवा महामार्गाची धूळ. धातूवर हिरवट थर चढतो, तो ओल धरतो आणि फोकसचा दाब त्या ओलीतून गळू लागतो. झोत ठिपक्यात न येता पसरतो, म्हणून चित्र धूसर. टीव्ही तापला की ओल सुकते, गळती थांबते आणि चित्र जागेवर येतं. बेस नवा बसवला की काम झालं. त्याचा खर्च ट्यूबच्या मानाने किरकोळ असतो.

मग ट्यूब खरंच म्हातारी झाली हे ओळखायचं कसं? उजेडावरून. बेस खराब असेल तर चित्र धूसर असतं, पण उजेड पहिल्यापासून भरपूर असतो. ट्यूबमधून इलेक्ट्रॉन कमी सुटत असतील तर चित्र काळपट येतं, हळूहळू उजळतं, आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवला की पांढरे भाग चंदेरी होऊन फराटल्यासारखे दिसतात. याला टिकाऊ इलाज नाही. पण मेकॅनिकने ‘ट्यूब गेली’ म्हटलं तर यातलं कोणतं लक्षण दिसलं, एवढं त्याला जरूर विचारावं.

कानालाही काही कळतं. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र 625 ओळींचं आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे झोत सेकंदाला 15,625 वेळा आडवा धावतो. त्याच गतीने ट्यूबचा मोठा दाब तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टी घालत असतो. ती लहान मुलांना ऐकू येते, आजोबांना येत नाही. पडदा काळा आहे पण नातवाला शिट्टी ऐकू येतेय, तर आडव्या ओळींचा विभाग चालू आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. दुरुस्तीवाल्याला फोनवर एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा तास वाचतो. पावसाळी हवेत मागून ‘चर्र’ असा आवाज आणि उग्र वास आला तर मात्र टीव्ही लगेच बंद करावा. ट्यूबवरच्या रबरी टोपीजवळ धूळ आणि ओल साचून तिथून वीज फुटतेय, आणि तो वास ओझोनचा आहे.

आता थापेविषयी. टीव्हीला थाप मारली की चित्र येतं, हे आपल्याकडचं सर्वमान्य दुरुस्तीशास्त्र, आणि त्याला आधारही आहे. जड आणि तापणाऱ्या भागांचे पाय ज्या झाळकामाने सर्किटच्या पाटीवर धरलेले असतात, ते रोज तापून-निवून वर्षानुवर्षांत पायाभोवती गोल तडकतं. याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थापेने तडा क्षणभर जुळतो. पण अर्धवट जुळलेल्या तड्यात ठिणग्या पडतात, त्या पाटी जाळतात आणि कधी महागडा भाग घेऊन जातात. तेव्हा एका थापेने चित्र आलं तर दुसरी थाप मारू नका, सोल्डरिंगवाल्याकडे न्या.

पडद्यावर चित्राऐवजी मधोमध एकच पांढरी आडवी रेघ दिसली तर झोत वर-खाली फिरवणारा विभाग बंद पडलाय. दोष साधा असतो, पण सगळा झोत एकाच रेघेवर पडत राहिला तर तिथला लेप कायमचा जळतो. म्हणून आवाज ऐकायलासुद्धा टीव्ही चालू ठेवू नये.

कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग आले तर आधी आजूबाजूला पाहा. नवा स्पीकर शेजारी ठेवला असेल तर त्याच्या चुंबकाने आतली भोकांची पत्र्याची जाळी चुंबकित केली आहे. स्पीकर लांब करा आणि टीव्ही मुख्य बटणावरून बंद करून अर्धा तास थांबा. चालू करताना ‘धुप्प’ असा आवाज येतो तो डाग पुसणाऱ्या वेटोळ्याचा. त्याला वीज देणारा थर्मिस्टर नावाचा छोटा भाग थंड झाल्याशिवाय ते पुन्हा काम करत नाही, म्हणून पटापट चालू-बंद करून उपयोग नाही.

निगा राखण्याची बाब सोपी आहे आणि बहुतेक घरांत नेमकी उलट होते. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, गणपतीत मखराचा कापडी पडदा. ज्या जाळीतून उष्णता बाहेर जायची तीच झाकलेली. आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रुमाल काढा, भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पावसाळ्यात दिवसाआड तासभर टीव्ही चालवा, म्हणजे आतली ओल उडते. वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा, नुसतं रिमोटने बंद करणं पुरत नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर जिल्ह्यात कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी वीज परत येताना दाब वर-खाली होतो, तो स्थिर होईपर्यंत प्लग लावू नये. वर्ष-दोन वर्षं माळ्यावर पडलेला टीव्ही थेट लावू नका. मेकॅनिकला सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावायला सांगा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि टीव्ही वाचतो.

मागचं झाकण मात्र घरी उघडू नये. ट्यूबच्या काचेच्या आत-बाहेर वाहक लेप असतो, त्यामुळे ट्यूब स्वतःच कपॅसिटर होते आणि प्लग काढल्यावरही बराच काळ भार धरून ठेवू शकते.

छतावरचा जुना अँटेना लावून पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील तर तो टीव्हीचा दोष नव्हे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन आता जुन्या पद्धतीने मिळत नाही; ती अॅनालॉग प्रक्षेपणं 2022पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. डीडी फ्री डिशचा बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने जोडला की जुन्या रंगीत टीव्हीवर चित्र येतं, दरमहा पैसेही नाहीत.

आणि टीव्ही द्यायचाच ठरला तर ट्यूब अखंड द्या. तांब्याच्या लोभाने तिची मान फोडली जाते. तेव्हा आतल्या पोकळीमुळे काचा उडतात, आणि त्या काचेत मोठ्या ट्यूबमागे किलोभर किंवा जास्त शिसं असतं, ते खाडीपर्यंत जातं. अधिकृत ई-कचरा केंद्रांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. आपल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ई-कचरा गोळा करण्याचा दिवस ठरलेला नसेल, तर पुढच्या सभेत तो मागा.