विश्लेषण : स्नोमोबाइलचा तुटलेला स्क्रू काढताना घाई का नको?

गुलमर्गला गेलेल्या अनेक मराठी पर्यटकांनी बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलची सफर केली असेल. कॅनडातील क्युबेकमध्ये १९५९ मध्ये आर्मांड बोंबार्डिए यांनी ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि हे वाहन घरोघरी पोहोचले. मात्र त्याच्या देखभालीत मेकॅनिकना सर्वाधिक घाम फोडतो तो एक क्षुल्लक वाटणारा भाग : डोके तुटून आत अडकलेला स्क्रू.

स्क्रू तुटतो कशामुळे?

वजन कमी राहावे म्हणून स्नोमोबाइलचा सांगाडा आणि इंजिनाचे बरेच भाग अॅल्युमिनियमचे असतात, तर स्क्रू-बोल्ट पोलादाचे. हे दोन धातू एकत्र आले आणि त्यात बर्फाचे पाणी, रस्त्यावर टाकलेले मीठ मिसळले, की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. अॅल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये साचते आणि स्क्रू घट्ट बसतो. सायलेन्सरजवळचे बोल्ट तर सतत तापतात आणि थंड होतात. अशा जाम बोल्टवर पान्याने जोर दिला, की आटे सुटण्याआधी डोकेच तुटते.

पहिला उपाय कोणता?

संयम. आट्यांत झिरपणारे तेल सोडून काही तास, शक्य असल्यास रात्रभर थांबावे. मधूनमधून हातोडीने हलके ठोके द्यावेत. तुकडा थोडा बाहेर असेल, तर ग्रिप प्लायरने पकडून आधी किंचित घट्ट, मग सैल असे मागे-पुढे फिरवावे.

उष्णतेचा उपयोग का होतो?

तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे स्क्रूभोवतीचा भाग तापवला, की पकड सैल होते. मात्र आधी सांडलेले तेल पुसून घ्यावे. पेट्रोलची टाकी, नळ्या वा प्लास्टिक जवळ असेल तर ज्योत वापरू नये. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लाल होत नाही. म्हणजे ते धोक्याची सूचनाही देत नाही.

तुकडा आतच असेल तर?

तुकड्याच्या बरोबर मध्यभागी सेंटर पंचने खूण करून बारीक भोक पाडतात. भोक तिरके गेले तर ड्रिल मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसते आणि मूळ आटे जातात. यासाठी उलट्या दिशेने कापणारे ड्रिल सोयीचे. अनेकदा तुकडा त्याच्यासोबतच बाहेर येतो. दुसरा मार्ग म्हणजे तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग करणे. त्यात उष्णता आणि पकड दोन्ही मिळतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात.

सर्वात मोठी चूक कोणती?

उलट्या आट्यांचा ‘एक्स्ट्रॅक्टर’ जोर लावून फिरवणे. हे हत्यार अतिशय कठीण, पण ठिसूळ असते. ते भोकात तुटले तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. मग कार्बाइडचे हत्यार किंवा ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र असलेली कार्यशाळा गाठावी लागते. काही रुपयांच्या स्क्रूपायी इंजिनाचा महागडा भाग पणाला लागतो.

आटे गेल्यास भाग बदलावाच लागतो का?

नेहमी नाही. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात तारेच्या वेटोळ्याचा ‘हेलिकॉइल’ बसवतात. मूळ मापाचा स्क्रू पुन्हा बसतो.

हे टाळायचे कसे?

हंगाम संपताच गाडी धुऊन सुकवावी. ज्या बोल्टला उत्पादकाने सांगितले असेल, त्यालाच जाम-रोधक ग्रीस लावावे आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंतच आवळावे. ग्रीसमुळे घर्षण घटते, त्यामुळे त्याच मापाला बोल्ट जास्त ताणला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. कारण वस्तीपासून दूर, बर्फात गाडी बंद पडली, तर तो निव्वळ दुरुस्तीचा नव्हे, जिवाचा प्रश्न ठरतो.