‘पर्शिया’चे खलाशी कोणत्या गावचे?

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा ‘सागर रविवार’ पाळते. त्या दिवशी मिस्साबलिदानात दर्यावर्दी बांधवांसाठी प्रार्थना केली जाते. नवी मुंबईत या प्रार्थनेला वेगळा अर्थ आहे. खाडीपलीकडे न्हावाशेवाचे बंदर १९८९ पासून सुरू आहे. न्हावा येथेच ‘रहमान’ ही खलाशांना प्रशिक्षण देणारी जुनी संस्था आहे. वाशी-नेरुळच्या इमारतींतून कित्येक घरांचे कर्ते पुरुष वर्षातील आठ-नऊ महिने जहाजावर असतात. त्यांच्यातील काहींच्या घरी भिंतीवर पणजोबांचे धूसर छायाचित्र असते आणि ‘ते आगबोटीबरोबर गेले’ एवढीच माहिती. कोणती आगबोट, कोणते साल, हे कोणालाच सांगता येत नाही.

याच्या उलट बाजूही आहे. जहाज ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, मृतांची नावेही ठाऊक आहेत. मात्र ती माणसे कोणत्या गावची, कोणत्या घरातली, हे हरवले आहे. ‘पर्शिया’ या जहाजाचे उदाहरण घेऊ.

पी. अँड ओ. कंपनीचे हे प्रवासी जहाज डिसेंबर १९१५ मध्ये लंडनहून मार्सेलमार्गे मुंबईस निघाले होते. ३० डिसेंबर रोजी भूमध्य समुद्रात, क्रीट बेटाच्या दक्षिणेस, जर्मन पाणबुडी यू-३८ ने पूर्वसूचना न देता त्यावर पाणतीर सोडला. दुपारच्या भोजनाची वेळ होती. दहा मिनिटांच्या आत जहाज तळाशी गेले. जहाजावरील ५१९ जणांपैकी ३४३ जण बुडाले. त्यांतील एक प्रवासी एलिनॉर थॉर्न्टन. रोल्स-रॉईस मोटारीच्या तोंडावरील पंखधारी स्त्रीची मूर्ती तिच्यावरून घडविली, असे मानले जाते; त्यामुळे तिचे नाव आजही घेतले जाते. कपूरथळाच्या महाराजांची रत्ने जहाजावर असल्याची कथाही प्रसिद्ध आहे आणि २००३ मध्ये खोल समुद्रात जाऊन काही चीजवस्तू वर काढण्यात आल्या. भोजनगृहात वाढणारे, खाली भट्टीत कोळसा लोटणारे आणि डोलीवर उभे असलेले हात कोणाचे होते, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

त्या काळच्या पी. अँड ओ. जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर सारंग, टंडेल आणि खलाशी. हे बहुधा रत्नागिरी, काठियावाड आणि कच्छ या किनाऱ्यांचे. इंजिनाच्या पोटात आगवाले. त्यांत पंजाबी व पठाण पुष्कळ. भोजनगृह, मुदपाकखाना आणि प्रवाशांची सेवा ही गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे, त्यातही साष्टी आणि बारदेशच्या. या वाटणीमुळे शोधाला पहिली दिशा मिळते. यादीत नावापुढे ‘जनरल सर्व्हंट’ किंवा ‘पँट्रीमन’ असा हुद्दा आणि फर्नांडिस, डिसोझा असे आडनाव असेल, तर नजर मांडवी-झुआरीकडे वळवावी.

यादी कोठे मिळते? पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, म्हणून कोठेही कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्द्यांचे स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. तीच नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर जहाजाच्या नावाने शोधता येतात. नाव, हुद्दा, जहाज, तारीख. कित्येक नोंदींत पित्याचे नाव नाही आणि गावही नाही. कारकुनाला पगारापुरते जेवढे हवे होते तेवढे त्याने लिहिले.

येथे पहिली अडचण येते, ती नावांची. गोव्यात धर्मांतराच्या काळी स्नानसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव सबंध वाड्याला मिळाले. त्यामुळे एकाच गावात परस्परांशी नाते नसलेली फर्नांडिसांची अनेक घरे आढळतात आणि लोक ती घराण्याच्या टोपणनावाने ओळखतात. ते टोपणनाव जहाजाच्या कागदावर कधीच चढले नाही. शिवाय लेखन बदलते: घरचा कायतान हा पोर्तुगीज नोंदवहीत कायतानो आणि इंग्रजी यादीत केजेटन, बोस्त्यांव झाला सेबॅस्टियन, जुआंव झाला जॉन. तिन्ही रूपे मनात ठेवून शोध घ्यावा लागतो.

दुसरी वाट कुडांची. धोबीतलाव, माझगाव येथील कुड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली जागा. बोट मिळेपर्यंत खलाशी तेथे उतरत, ट्रंक तेथेच ठेवत आणि सायंकाळी वेदीपुढे जपमाळ होई. कुड गावाची असल्याने तिचे नाव म्हणजेच गावाचे नाव. एखाद्या कागदावर खलाशाचा मुंबईतील पत्ता म्हणून कुड लिहिली असेल, तर अर्धे काम झालेच म्हणून समजावे. डेकच्या माणसांबाबत हेच काम सारंग करतो. सारंग आपली टोळी बहुधा आपल्याच गावातून, आपल्याच नात्यातून जमवीत असे. सारंगाचे गाव दाभोळ किंवा जयगडच्या खाडीकाठचे निघाले, तर त्याच्या हाताखालच्या माणसांसाठीही तेथील जमातीच्या निकाहनोंदी आणि वृद्धांची स्मरणे आधी पाहावीत.

तिसरी वाट आम्हा धर्मगुरूंच्या रोजच्या परिचयाची आहे: धर्मग्रामाच्या नोंदवह्या. स्नानसंस्काराच्या नोंदीत मुलाचे नाव, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता आणि वाडा असतो. काही ठिकाणी आजी-आजोबाही. अधिक मोलाचा असतो तो त्या पानाचा समास. १९०८ साली अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या फर्मानाने विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे करणे बंधनकारक केले. म्हणजे १८८० च्या सुमारास जन्मलेला आणि १९१० साली विवाह केलेला खलाशी एकाच पानावर दोनदा भेटतो. विवाह मुंबईत झाला असेल तर थोडी खटपट वाढते. १९२८ पर्यंत मुंबईत पाद्रोआदो आणि प्रोपगांडा अशी दुहेरी सत्ता होती. एकाच मोहल्ल्यातील दोन शेजाऱ्यांची चर्चे वेगळी असत. गोयंकरांची नोंद प्रथम पाद्रोआदोच्या चर्चमध्ये पाहावी.

मृत्यूच्या वहीत मात्र हा माणूस बहुधा सापडत नाही. त्या वहीत दफनाची नोंद होते आणि येथे दफनच नव्हते. स्नानसंस्कार आहे, विवाह आहे, मुलांचे स्नानसंस्कार १९१४-१५ पर्यंत आहेत, आणि पुढे तो कोठेच नाही: ही रिकामी जागाच एक खूण ठरते. ती पुरावा नव्हे. माणूस आफ्रिकेत स्थायिक झाला असेल किंवा मुंबईत तापाने वारला असेल.

यावर कागद कोणता? या प्रश्नाला त्या काळी घरात फार जड अर्थ होता. पती समुद्रात गेला असे सगळे म्हणतात, परंतु प्रेत नाही, दाखला नाही. तर त्याची पत्नी विधवा आहे की नाही? ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे. नुसती अनुपस्थिती, कितीही वर्षांची असली, तरी मृत्यू सिद्ध करीत नाही. पवित्र कार्यालयाने १८६८ साली याविषयी सविस्तर सूचना काढली: अधिकृत दाखला नसेल तर सोबत्यांच्या साक्षी घ्याव्यात, त्याही नसतील तर परिस्थितीचा पुरावा पाहावा. आजच्या धर्मसंहितेचे कलम १७०७ याच वळणाचे आहे. चौकशीनंतर महागुरू मृत्यू गृहीत धरल्याचे जाहीर करतात, तेव्हाच जोडीदार विवाहास मोकळा होतो. पंचविशीतल्या स्त्रीला, पदरी दोन लेकरे असताना, या कागदासाठी किती वाट पाहावी लागली असेल! नियम कठोर वाटेल; तो दुसऱ्या बाजूने तिचेच रक्षण करीत होता, कारण ‘बुडाला’ म्हटलेले पती परतल्याची उदाहरणेही होती. संशोधकाच्या दृष्टीने मात्र अशी चौकशी म्हणजे ठेवाच. ज्या स्त्रीने पुनर्विवाह केला, तिच्या विवाहाच्या कागदपत्रांत वाचलेल्या सोबत्यांच्या साक्षी, जहाजाचे नाव आणि तारीख असण्याचा संभव असतो. जिने केला नाही, तिच्या पतीविषयी असा कागद तयारच झाला नसावा.

आपल्या भागातील लोकांना ‘रामदास’ बोट ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मृत बहुतेक याच किनाऱ्यावरच्या गावांचे होते. बातमी घरोघर पोहोचली, गावांनी ती जपली. ‘पर्शिया’ची माणसे घरापासून हजारो मैलांवर गेली, हा फरक आहे. तरीही उशीर झाला म्हणून शोध व्यर्थ ठरत नाही. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेले ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडविले, २८० जण गेले. २०२२ साली, ८० वर्षांनी, त्यांचे वंशज मुंबईत एकत्र जमले.

एक इशारा द्यावासा वाटतो. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नव्हे. पित्याचे नाव, वय, हुद्दा, पत्नीचे नाव, कुड यांपैकी निदान दोन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्याखेरीज कोणाच्याही घरी ‘हे तुमचे पणजोबा’ असे सांगू नये. चुकीच्या घराला मृत देण्यापेक्षा जागा रिकामी राहिलेली बरी.

ज्यांच्या घरी अशी आठवण आहे, त्यांनी प्रथम घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्ण नाव, पित्याचे नाव, वाडा व घराण्याचे टोपणनाव, आणि कुडीचे नाव. मग मूळ गावच्या धर्मगुरूंना पत्र लिहावे. त्यांच्या वह्या जुन्या व पोर्तुगीजमध्ये असतात, तेव्हा अंदाजे साल दिल्यास त्यांचे श्रम वाचतात. १९१४ नंतरच्या जन्ममृत्यूंसाठी गोव्यात नागरी नोंदणीही आहे, आणि जुन्या कागदांसाठी पणजीचे पुराभिलेखागार. गाव आणि पिता निश्चित झाले, की दाखल्याच्या प्रतीसह कमिशनकडे लिहिता येते. पुरावा पटल्यास ते नोंदीत दुरुस्ती करतात.