शिडाचा मचवा चालतो कसा?

शेतकरी बंधूंनो, गाडीत पेंढा फार उंच रचला तर उतारावर गाडी कलंडते, हे तुम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. नांगराचा फाळ जमिनीत रुतला की नांगर ओळीत चालतो, आणि चिखलणी झालेल्या खाचरात टाकलेली फळी मात्र हवी तिकडे घसरते, हेही तुम्ही जाणता. एवढं ज्याला कळतं, त्याला शिडाचा मचवा समजायला फार वेळ लागू नये. कोकण किनाऱ्यावर तांदूळ, मीठ, नारळ, जळाऊ लाकूड, मंगलोरी कौलं असा माल या होड्यांनी पिढ्यान् पिढ्या वाहिला. आता जवळजवळ सगळीकडे इंजिनं आली. मचव्याची रचना मात्र कागदावर फारशी उतरलेली नाही. आपले सुतार नकाशा काढून होडी बांधत नसत. सागवान, ऐन, फणस समोर ठेवायचा, वाकड्या फांदीतून वाकड्या फासळ्या काढायच्या आणि डोळ्यांनी घाट साधायचा.

पहिली अडचण खाडीची. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, आत चिखल, ओहोटीला पाणी गुडघाभर. तेव्हा होडी उथळ बुडाची हवी, नाहीतर दिवसातले अर्धे तास ती रुतून बसणार. पण बूड उथळ आणि सपाट केलं की होडी त्या फळीसारखी होते. वारा बाजूने आला की पुढे जायचं सोडून आडवी घसरते. बूड खोल केलं तर घसरणं थांबतं, पण मग खाडीत येता येत नाही. किनाऱ्यालगत फिरणारी लहान शिडाची होडी बांधणाऱ्या जगातल्या प्रत्येक सुताराला हा तिढा सोडवावा लागतो, आणि तो पुरता कधीच सुटत नाही. थोडं इकडे थोडं तिकडे करावं लागतं.

मचव्याने काय केलं? तळाला पठाण, म्हणजे होडीचा कणा, फाळासारखा खाली काढला. पाण्यातला पुढचा भाग निमुळता, धारेचा ठेवला. मागे आणि मध्ये मात्र पोट रुंद, कारण माल तिथे भरायचा. पुढची नाळ लांब आणि चांगली पुढे झुकलेली. ती शोभेसाठी नव्हे. शिडाचं आडवं लाकूड, ज्याला परभाण म्हणतात, त्याचं खालचं टोक पुढे नाळेशी बांधायचं असतं. तिथे जागा लांब मिळाली की शीडही मोठं लावता येतं.

डोलकाठी पाहिलीत तर तीही पुढे कललेली. नवख्या माणसाला वाटतं, मोडायला आली. कारण असं की परभाण डोलकाठीपेक्षाही लांब आणि जड असतं. काठी पुढे कललेली असली की परभाण तिच्यापासून सुटं, मोकळं लोंबतं आणि चढवता-उतरवता येतं. शीड तिकोनी, पुढचा कोपरा किंचित छाटलेला. बाजूच्या वाऱ्यावर हे शीड फार छान ओढतं. पण दिशा बदलायची वेळ आली की खलाशांची परीक्षा. होडीची पाठ वाऱ्याकडे करून वळावं लागतं, आणि ते भलंमोठं परभाण उभं करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. त्याला माणसं लागतात आणि जागा लागते. अरुंद खाडीत हे जमत नाही, म्हणून आत वल्हं, बांबू आणि भरतीचं पाणी यांवरच काम. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून पुष्कळांना पाठ आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बंदराप्रमाणे थोडा फरक पडतो, पण घड्याळ नसलेल्या तांडेलाला तेवढं पुरत असे.

वाऱ्याचं वेळापत्रक

कुठलीही शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. आजची शर्यतीची होडी वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून वर चढते. मचव्याला याहून बराच मोठा कोन लागतो. मग रत्नागिरीहून मुंबई गाठायची कशी? हिवाळ्यात तर दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ तोंडावरच. उत्तर होतं मतलई वाऱ्यात. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो. त्यावर होडी उत्तरेला, बाहेरच्या अंगाने काढायची. दुपारी खारा वारा सुरू झाला की दिशा बदलून पुन्हा किनाऱ्याकडे यायचं. असं वाकडंतिकडं करत वर सरकायचं. दिवसातून एकदोनदाच वळावं लागत असल्याने त्या अवजड परभाणाचा जाचही कमी. होडीचा दोष वाऱ्याच्या वेळापत्रकात असा जिरवलेला होता.

वेगाचाही हिशेब आहे. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येईल तो ताशी सागरी मैलांतला वेग. अशा जड होडीला त्यापुढे जाणं कठीण. पंचवीस फुटांना ६.७, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. रत्नागिरी ते मुंबई सुमारे १२० सागरी मैल. पाचाच्या वेगाने एक दिवस नि एक रात्र, पण वारा तसा सलग देतो कोण?

उथळ होडीचा फायदा शत्रूनेही अनुभवला आहे. ऑक्टोबर १६७९ मध्ये खांदेरीपाशी वारा मंद असताना दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं डोव्हर हे गुराब धरलं. पुढेही लहान मराठी होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत.

उलटते केव्हा?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी हा भाग नीट वाचावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून अरबी समुद्रातल्या गलबतांवर लहान आणि मोठं अशी वेगवेगळी शिडं ठेवायची पद्धत होती. होडी सावरून धरते ती रुंदी आणि तळातलं वजन. लांबी तीच ठेवून रुंदी पाच फुटांची सहा केली तर कलण्याला होणारा विरोध सुमारे पावणेदोनपट होतो. लहान होडीला एवढी रुंदी देता येत नाही; तिला एका बाजूला उलांडी लावतात. दोन दांडे आणि पाण्यावर तरंगणारं एक लाकूड, एवढ्यानं वजन न वाढवता रुंदी मिळते. मला आपल्या किनाऱ्यावरची ही सगळ्यांत हुशार युक्ती वाटते.

रिकाम्या मचव्याच्या तळात दगड-वाळूचं नीरम घालतात. ते घट्ट बसलेलं हवं. होडी कलली आणि दगड घरंगळले, तर ज्या वजनाने वाचवायचं तेच बुडवतं. माणसांचंही तसंच. तरीवर माणसं खाली बसली तर ती नीरम, उभी राहिली तर उंच रचलेला पेंढा.

इंजिन वाईट असं मी म्हणत नाही. कोण पुन्हा वल्ही मारायला जाईल? पण इंजिन बंद पडतं, आणि ते किनाऱ्यापासून दूर असतानाच पडतं. नोव्हेंबर ते मार्च दुपारचा वारा बहुधा समुद्राकडून जमिनीकडे असतो. अशा वेळी एक बांबू आणि ताडपत्रीचा तुकडासुद्धा होडीला हळूहळू किनाऱ्याकडे आणतो. फक्त तो होडीत हवा, घराच्या माळ्यावर नको.

तुमच्या बंदरात एखादा जुना मचवा माडाखाली कुजत पडला असेल, तर टेप घेऊन जा. लांबी, मधली रुंदी, पठाणाची उंची, नाळेचा कल वहीत टिपून घ्या. जवळ कुणी म्हातारा सुतार असेल तर त्याला बरोबर न्या. तळात डोलकाठी बसवायची खाच सापडेल. तिच्यात एक सरळ काठी उभी करून बघा, ती पुढे झुकेल.