नऊ रकान्यांतला नरक

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या कुणासमोर एकदा ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द एकाच अर्थाने वापरून बघा. हातातला चहा बाजूला ठेवून तो तुमची शिकवणी घेईल. डीमन वेगळे, डेव्हिल वेगळे. त्यांची लोकं वेगळी, राजे वेगळे, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. त्यांचं युद्ध अनादी काळापासून चालू आहे आणि ते कधी संपेल अशी कुणाची अपेक्षाही नाही. बरं, शिंगं-शेपट्यांवरून फरक सांगावा तर तीही सोय नाही. ती दोन्हीकडे आहेत.

हा फरक कुठल्या प्राचीन पोथीतून आलेला नाही. तो एका तक्त्यातून आला, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली बाजारात आणला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, बाकीचं अख्खं जग चालवतो. मोक्याच्या क्षणी काय होणार ते फासे ठरवतात. सुरुवातीला पात्रांच्या वृत्तीचे तीनच प्रकार होते : नियम पाळणारे, बेबंद आणि मधले. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून उचललेली. 1976 मध्ये गायगॅक्सने तिच्यावर दुसरी रेघ आडवी मारली, चांगलं आणि वाईट. पुढे त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ रकाने झाले.

आता अडचण बघा. दुष्टांच्या वाट्याला तीन रकाने आले : नियमाने वागणारा दुष्ट, बेबंद दुष्ट आणि निव्वळ स्वतःपुरतं पाहणारा दुष्ट. मग नियमाने वागणारा दुष्ट कसा असेल? तो खून करील का? करील, पण कागदपत्रं पूर्ण करून. या एका प्रश्नातून डेव्हिल घडत गेले. डीमन 1976 च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीत आले होते, ऑर्कस आणि डेमोगॉर्गन या सरदारांसकट. डेव्हिल त्यांच्या मागोमाग 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आले. डीमनांना मिळाला अ‍ॅबिस, 666 थरांचा अथांग गोंधळ. डेव्हिलांना मिळाले नऊ नरक, एकाखाली एक, प्रत्येकावर एक अधिपती आणि सर्वांत तळाशी अ‍ॅस्मोडियस.

माल अर्थातच जुन्या युरोपातला. नऊ पातळ्यांचा नरक दान्तेचा. खेळातली डिस नगरी आणि सापाच्या अंगाचा गेरियॉनही त्याच्याच ‘इन्फर्नो’मध्ये भेटतात. अ‍ॅस्मोडियसचं नाव तर बायबलच्या परंपरेतल्या टोबिटच्या ग्रंथाइतकं जुनं. पण दान्तेच्या नरकात पाप्यांना शिक्षा होते, आणि या नरकात पाप्यांना नोकरी लागते. वाईट नियमनिष्ठ माणूस मेला की त्याचा ‘लेम्युर’ होतो, म्हणजे बिनचेहऱ्याचा, वितळलेल्या मेणासारखा एक गोळा. तिथून वरिष्ठांची मर्जी राखत, खालच्यांना तुडवत त्याने एकेक पायरी चढायची. इम्प, मग काटेरी, दाढीवाले, शिंगवाले डेव्हिल असं करत युगानुयुगांनी कुणी एखादा पिट फीन्ड होतो. चूक झाली की पदावनती. सेवाज्येष्ठतेची यादी आणि गोपनीय अहवाल पाहिलेल्या मराठी वाचकाला हा नरक समजावून सांगायची गरज नाही.

टेबलावर याचा परिणाम काय होतो? समजा, आपल्या टोळीतला एक जण मरून पडला आहे आणि बरं करणारं कुणी जवळ नाही. तेवढ्यात झकपक कपड्यांतला एक डेव्हिल येतो. तो म्हणतो, याला मी उठवतो. तुम्ही घरी पोचाल तेव्हा दारात जो जीव सर्वांत आधी सामोरा येईल तो माझा. डीएम इथे थांबतो. खेळाडू एकमेकांकडे बघतात. कुणीतरी विचारतं, कुत्रा आला तर चालेल? चालेल, डेव्हिल हसून म्हणतो. मग कुत्रा बायकोच्या आधी दारात कसा येईल यावर अर्धा तास खल होतो. एकाचंही लक्ष ‘घर’ या शब्दाकडे जात नाही, आणि टोळीने गेल्याच महिन्यात राजाच्या किल्ल्याला आपलं घर म्हटलेलं असतं. डेव्हिल शब्द मोडत नाही, ही खरी भीती. डीमनशी असलं काही होत नाही. तो करारपत्राबरोबर ते धरणारा हातही खाऊन टाकतो.

हे दोघे मिळून बाकीचं विश्व का गिळत नाहीत, याचंही उत्तर पुढच्या लेखकांनी देऊन ठेवलं : ब्लड वॉर. डीमन संख्येने अमर्याद, डेव्हिल शिस्तीत वरचढ, म्हणून कुणीच हरत नाही. तिसऱ्या रकान्यातले युगोलॉथ दोन्ही बाजूंना भाडोत्री सैन्य पुरवतात आणि जो जास्त देईल त्याचे होतात. सक्युबसची कथा त्याहून गमतीची. मोहात पाडणारी ही बया आधी डीमन होती, 2008 च्या चौथ्या आवृत्तीत डेव्हिल झाली आणि 2014 मध्ये दोन्हींतून बाहेर पडून त्याच तिसऱ्या रकान्यात गेली. एवढी पक्षांतरं करूनही तिचं काम मात्र तेच राहिलं.

मधल्या काळात या मंडळींना नावंही बदलावी लागली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो अशी ओरड झाली. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी डीमन-डेव्हिल काढूनच टाकले आणि 1991 मध्ये ‘टानारी’ आणि ‘बाटेझू’ या नव्या नावांनी मागच्या दाराने परत आणले. जुने शब्द 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत उजळ माथ्याने परतले.

आता आपल्या घरच्या पाहुण्याकडे. 1977 च्या त्याच ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ आहे, याच नावाने. डेव्हिड ट्रॅम्पियरने त्याचं चित्र काढलं आहे : डोकं वाघाचं, अंगात रुबाबदार पोशाख आणि सोबत धूम्रपानाचा पाइप. हा थाट वाल्मीकींकडून आलेला नाही, हे सांगायला नको. त्याचा रस्ता अमेरिकन टीव्हीवरून गेला. 1974 च्या ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या मालिकेच्या एका भागात एक राक्षस समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन जवळ येतो, आणि त्याला मारायला मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागतो. खेळातल्या त्या पहिल्या राक्षसालाही तोच बाण लागायचा.

रूपं पालटणं मात्र अस्सल आपलं. सोनेरी मृग झालेला मारीच पंचवटीत आला, असं नाशिककर आजही सांगतात, आणि त्याच्या मागोमाग जोगड्याच्या वेशात रावण. खेळाने एवढं नेमकं उचललं. रकाना मात्र दिला ‘नियमनिष्ठ दुष्ट’, आणि तिथे माझं पटत नाही. बिभीषण या रकान्यात कसा बसवणार? पांडवांसाठी कर्णाची शक्ती अंगावर घेणारा घटोत्कच कुठे ठेवणार? आपल्या कथांमध्ये राक्षस हे कूळ आहे आणि वागणं ज्याचं त्याचं. म्हणून भावाशी भांडून राक्षस रामाकडे जाऊ शकतो. डेव्हिलाला त्याच्या रकान्यातून असं सहज उठता येत नाही.

पण खेळ म्हणून तो राक्षस फक्कड जमलाय, हे कबूल केलंच पाहिजे. 2014 च्या नियमांत त्याचे तळवे उलटे वळलेले असतात आणि सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला लागतच नाहीत, त्यामुळे टोळीतला पढिक मांत्रिक ऐन वेळी हात चोळत बसतो. शिवाय नरकाबाहेर मारलेला राक्षस मरत नाही. तो नव्या देहाने नरकात उठतो, आपल्याला कुणी मारलं हे त्याच्या लक्षात असतं, आणि सूड घ्यायला तो परततो. डीएमला पुढच्या वर्षभराचं कथानक आयतं मिळतं. त्याला एवढंच ठरवायचं असतं की या खेपेला राक्षस सराईवाला होऊन यावा, पुजारी होऊन यावा, की टोळीने कालच आनंदाने सोबत घेतलेला वाटाड्या होऊन.