आंबडवे ते अमेरिका

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचे नाटक मराठी प्रेक्षकाला फारसे परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. ग्रंथ उलगडतो जोतीराव-धोंडीबा संवादातून, म्हणजे निम्मे नाटकच! त्याआधी १८५५ मध्ये लिहिलेले त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक मात्र दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले होते. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी अस्पृश्यतेवर ‘संगीत उःशाप’ हे नाटक लिहिले. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवण्यासाठी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तरही आले.